कुपीत न दिसणारे प्रथिन

जून महिना सुरू झाला की गोव्यात उणे २० अंशांच्या फ्रीझरमधून बाहेर काढलेली काचेची कुपी दोन मिनिटांत घामाघूम होते. विद्यार्थिदशेत पणजीजवळच्या एका प्रयोगशाळेत अशीच एक कुपी माझ्या हाती आली होती. बोटाच्या पेराएवढ्या त्या कुपीवर ‘रिकॉम्बिनंट मानवी इंटरल्यूकिन-२, १० मायक्रोग्रॅम, केवळ संशोधनासाठी’ असे छापलेले होते आणि उजेडासमोर धरली तरी आत काही म्हणजे काही दिसत नव्हते. भरायचेच राहून गेले की काय, अशी शंका येऊन मी टोपण तिथल्या तिथे उघडले. ती माझी चूक होती. पण ती समजण्यासाठी त्या न दिसणाऱ्या ऐवजाची ओळख आधी व्हायला हवी.

शरीरात शिरलेल्या रोगजंतूची खूण एखाद्या टी-पेशीला, म्हणजे प्रतिकाराचे काम करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशीला, पटली की ती इंटरल्यूकिन-२ हे लहानसे प्रथिन स्रवू लागते आणि त्याच वेळी ते प्रथिन घट्ट धरून ठेवणारा ग्राही आपल्या पृष्ठभागावर उभारते. आपणच हाक मारायची आणि आपणच ओ द्यायची, असा हा प्रकार आहे, आणि त्यातूनच मोजक्या पेशींची काही दिवसांत फौज तयार होते. १९७६ साली अमेरिकेत मॉर्गन, रुसेटी आणि गॅलो यांनी दाखवून दिले की घेवड्यातल्या एका प्रथिनाने चेतवलेल्या मानवी पांढऱ्या पेशी ज्या द्रवात वाढल्या, तो द्रव घातला तर टी-पेशी शरीराबाहेर दीर्घकाळ वाढवता येतात. हा घेवडा म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या राजम्याचीच जात. शोध मोठा होता, पण तो द्रव म्हणजे अनेक प्रथिनांचा काढाच होता. त्यातल्या नेमक्या कोणत्या घटकाने काम केले, हे सांगणे कठीण, आणि आजचा काढा कालच्यासारखा उतरेल याची खात्री नाही.

हा पेच सुटला तो जनुक हाती आल्यावर. १९८३ साली जपानमध्ये तादात्सुगु तानिगुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जुरकॅट’ नावाच्या मानवी टी-पेशींच्या वाणातून इंटरल्यूकिन-२ चे जनुक वेगळे केले आणि त्या प्रथिनाचे मणी असलेल्या १३३ अमिनो आम्लांच्या साखळीचा संपूर्ण क्रम वाचला. रिकॉम्बिनंट या शब्दाचा अर्थ इथे उलगडतो: मानवी जनुकाची प्रत जिवाणूच्या प्लास्मिडमध्ये, म्हणजे डीएनएच्या एका लहान वर्तुळात, जोडायची आणि तो जिवाणू वाढवून त्याच्याकडून माणसाचे प्रथिन बनवून घ्यायचे. ज्या प्रथिनांवर शर्करेच्या साखळ्या नीट बसल्याशिवाय भागत नाही, ती सस्तन प्राण्यांच्या पेशींत करावी लागतात. इंटरल्यूकिन-२ चे शर्करेवाचून अडत नाही, म्हणून ई. कोलाय हा साधा जिवाणू त्याला पुरतो. सुरेने, म्हणजे माडीने, इडलीसारख्या सांना फुगवणाऱ्या गोव्यात सूक्ष्मजीवांना कामाला जुंपणे नवे नाही. फक्त इथे त्यांच्या हाती परक्याची पाककृती दिलेली असते.

जिवाणू ही पाककृती वाचतो खरा, पण पदार्थ बिघडवतो. भराभर तयार झालेल्या साखळ्या नीट घडी न पडता एकमेकींत गुंतून जिवाणूच्या पोटात त्यांचे घट्ट गोळे होतात. हे गोळे वेगळे काढून तीव्र द्रावणात विरघळवायचे, साखळ्या पूर्ण उलगडू द्यायच्या आणि मग ते द्रावण हळूहळू सौम्य करत त्यांना पुन्हा योग्य घडीत येऊ द्यायचे, हा या उत्पादनातला सर्वांत नाजूक टप्पा. या प्रथिनात ५८, १०५ आणि १२५ या जागी सिस्टिन हे गंधक असलेले अमिनो आम्ल आहे. पहिल्या दोघांत बंध जुळला तर प्रथिन काम करते. तिसऱ्याने मध्येच हात धरला तर घडी चुकते. कॅलिफोर्नियातल्या ‘सीटस’ या कंपनीच्या संशोधकांनी १९८४ मध्ये यावर जो तोडगा प्रसिद्ध केला, तो मला या साऱ्या कथेतला सर्वांत देखणा भाग वाटतो. त्यांनी १२५व्या जागी सिस्टिनऐवजी सेरिन बसवले. दोन्हींत फरक एका अणूचा, गंधकाच्या जागी ऑक्सिजन. पण त्यामुळे चुकीचा बंध जुळण्याची वाटच बंद झाली आणि प्रथिनाचे काम मात्र अबाधित राहिले. याच बदललेल्या रूपाला १९९२ मध्ये अमेरिकेत मूत्रपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगावरील औषध म्हणून मान्यता मिळाली. प्रयोगशाळेसाठीची कुपी मात्र औषध नव्हे, आणि चिठ्ठीवरचे ‘केवळ संशोधनासाठी’ हे शब्द शोभेचे नसतात.

प्रथिन शुद्ध आहे म्हणजे ते काम करतेच असे नाही. घडी चुकलेली साखळी वजनाला तितकीच भरते. म्हणून इंटरल्यूकिन-२ चे खरे माप पेशींकडून काढतात: या प्रथिनावाचून न जगणाऱ्या उंदराच्या टी-पेशींना ते देऊन त्या किती वाढतात हे पाहायचे आणि त्यावरून एकके ठरवायची. वर सांगितलेल्या औषधात १.१ मिलिग्रॅममध्ये १.८ कोटी आंतरराष्ट्रीय एकके असतात.

दुसरी दक्षता जिवाणूच्या उष्ट्याची. ई. कोलायच्या बाह्य आवरणातला अंतर्विष नावाचा घटक प्रथिनाबरोबर लेशमात्र जरी आला, तरी रक्तातल्या मोनोसाइट पेशी खवळतात आणि संशोधक मात्र परिणामाचे श्रेय इंटरल्यूकिनला देऊन मोकळा होतो. हा अंश पकडण्याची रूढ चाचणी घोड्याच्या नालेसारख्या दिसणाऱ्या एका समुद्री जीवाच्या निळसर रक्तावर बेतलेली आहे. त्याला खेकडा म्हणतात, पण त्याचे नाते कोळ्यांशी अधिक जवळचे. आता त्या रक्तातला कळीचा घटकही रिकॉम्बिनंट पद्धतीने करता येतो.

मात्रेचा प्रश्न तर आणखी गुंतागुंतीचा आहे. हे जनुकच काढून टाकलेले उंदीर दुबळे पडण्याऐवजी त्यांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यांवर उलटते, असे १९९३ मध्ये दिसून आले. लगाम घालणाऱ्या नियामक टी-पेशी याच प्रथिनावर जगतात, आणि त्यांचा ग्राही अधिक संवेदनशील असल्याने थोड्या मात्रेचा लाभ आधी त्यांना मिळतो. २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल या पेशींवरील कामालाच मिळाले.

आता माझी चूक. गोठवून वाळवलेले १० मायक्रोग्रॅम प्रथिन म्हणजे काचेवरचा डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा असतो आणि वाहतुकीत त्यातला काही टोपणाला जाऊन चिकटतो. कुपी आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, मग क्षणभर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून सारे तळाशी आणायचे आणि त्यानंतरच उघडायची. मी थंडगार कुपी उघडली. दमट हवेचे पाणी आत धरले आणि टोपणाला लागलेले प्रथिन टोपणाबरोबर गेले. त्या आठवड्यात पेशी वाढल्याच नाहीत. दुसरी कुपी आली तेव्हा मी अर्धा तास नुसता बसून राहिलो. विरघळवताना द्रावणात अल्ब्युमिन हे दुसरे प्रथिन भर म्हणून थोडे घातले, कारण इतके विरळ प्रथिन प्लास्टिकच्या भिंतींनाच चिकटून संपते; आणि पुनःपुन्हा गोठवणे-वितळवणे टाळण्यासाठी एकेका दिवसापुरते वाटे करून ठेवले. तिसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर चेतवलेल्या पेशींचे करवंदांच्या घोसांसारखे पुंजके बशीभर पसरले होते, आणि शेजारच्या बशीत, जिथे इंटरल्यूकिन घातले नव्हते, तिथे ते तुरळकच होते.