माश्या मरतायत, पण फवारणीने की रोगाने?

काजू-आंब्याला मोहोर आला की गोव्यात सत्तरी-पेडण्याकडे एकच ओरड, पेटीतल्या मधमाश्या मरायला लागल्या, रोग आला बहुतेक, कुठलं औषध घालू? अहो पण आधी बघा तरी मेलंय कोण आणि कुठे.

फवारणीचा मार बसतो मोठ्या, म्हणजे पूर्ण वाढलेल्या माशीला. आंब्यावर तुडतुड्यांसाठी नाहीतर काजूवर ढेकण्या किडीसाठी कोणीतरी भर सकाळी पंप मारतो, माश्या नेमक्या त्याच वेळी फुलावर, आणि दुपारपर्यंत पेटीच्या दाराशी सडा. वाकून बघितलं तर कित्येकींची सोंड बाहेर लोंबतेय, काही अजून थरथरत जागच्या जागी गोल फिरतायत. शेजारच्या पेट्यांतही एकदम तेच. सडा नसला म्हणजे विषबाधा नाही असंही नाही हां, इमिडाक्लोप्रिडसारख्या औषधाने माशीला घरची वाटच सापडत नाही, ती बाहेरच मरते आणि पेटी नुसती रिकामी होत जाते.

रोग असा एका दुपारी येत नाही. आपल्या सातेरी मधमाशीचा मोठा वैरी थाई सॅकब्रूड रोग, 1991-92 च्या सुमारास दक्षिणेत, केरळात तर फारच, याने पेट्याच्या पेट्या रिकाम्या केल्या. हा मुख्यतः मारतो अळ्यांना. पोळ्याची चौकट म्हणजे फ्रेम उचला, अळी आपल्या घरात उताणी, ताणलेली, डोकं वर, आणि चिमट्याने उचलली की पाणी भरलेल्या पिशवीसारखी अख्खी बाहेर येते. अळी पिवळट, वाकडीतिकडी आणि आंबट वास येत असेल तर तो बॅक्टेरियाचा युरोपियन फाउलब्रूड. सॅकब्रूड हा व्हायरस, त्याला अँटिबायोटिक घालणं म्हणजे पैसे पाण्यात आणि मधात औषध उतरतं ते वेगळंच. राणीला काही दिवस पिंजऱ्यात ठेवून अंडी थांबवायची, खराब पोळी काढायची, आणि या पेटीची फ्रेम दुसरीत नाही म्हणजे नाही.

विषबाधेत पेटीत काय घालणार? भाटकाराशी, म्हणजे बागेच्या मालकाशी बोला. फुलं भरात असताना मारू नका, मारायचंच तर संध्याकाळी माश्या परतल्यावर, आणि आदल्या दिवशी सांगा म्हणजे पेटी हलवता येते.

खरा घोळ नंतर होतो. मोठ्या माश्या मेल्या की अळ्यांना ऊब आणि खाणं द्यायला कोणी उरत नाही, मग अळ्याही मरतात आणि ते रोगासारखंच दिसतं. शिवाय थोडं थोडं विष पोटात गेलेल्या माशीची प्रतिकारशक्ती ढासळते, नियोनिकोटिनॉइडने, म्हणजे इमिडाक्लोप्रिडच्या गटातल्या औषधांनी, व्हायरस वाढतो हे प्रयोगात दिसलंय, म्हणजे फवारणी आधी झालेली असते आणि रोग मागाहून. म्हणून आसपास कोणी, कधी, काय फवारलं ते पेटीच्या झाकणावर खडूने का होईना लिहून ठेवा.