मागच्या बाजारापासून कसं वाटतंय?

तीन महिन्यांचं बाळ. ताप नाही, जुलाब नाहीत, अंगावरचं दूध चालू आहे, तरी वाढीच्या तक्त्यावरची रेघ आडवी पडलेली. अंगणवाडीताई सांगते, दोन-दोन तासांनी पाज, आहार चुकवू नको, पुढच्या महिन्यात पुन्हा वजनाला आण. आई मान डोलावते. पुढच्या महिन्यात रेघ तिथंच. बाळाची तपासणी होते, औषधं होतात. आईला रात्री झोप लागते का, एवढंच विचारायचं राहून जातं.

गोव्यातल्या एका अभ्यासात (२००२) बाळंतपणानंतर ६ ते ८ आठवड्यांनी २३ टक्के आया नैराश्यात आढळल्या. सहाव्या महिन्यात त्यांच्या बाळांचं वजन कमी भरण्याचा धोका इतर बाळांच्या दुपटीहून जास्त निघाला. २०१७ मध्ये देशभरातल्या ३८ अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला, तेव्हाही आकडा २२ टक्क्यांवर आला. म्हणजे पाच बाळंतिणींत एक. गरिबी, नवऱ्याची मारझोड आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी, ही गोव्याच्या अभ्यासात पुढे आलेली कारणं खान्देशातल्या धडगावच्या पाड्यावर किंवा चोपड्याच्या शेतमजूर वस्तीत कुणाला नवी वाटणार नाहीत.

आईच्या मनाचा बाळाच्या वजनाशी संबंध कसा जुळतो? बाळाला भूक लागली की ते आधी ओठ चाळवतं, मग मूठ तोंडात घालतं, मान इकडेतिकडे वळवतं. रडणं सगळ्यात शेवटी. नैराश्यात माणसाचं बघणं, बोलणं, हलणं सगळंच मंदावतं, त्यामुळे आधीच्या खुणा निसटतात आणि रडणं तेवढं ऐकू येतं. रडून थकलेलं बाळ नीट ओढत नाही, लवकर झोपी जातं. दिवसात एक-दोन पाजण्या अशाच गळतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात एक साधा प्रयोग केला होता. बाळाशी हसतबोलत असलेल्या आईने काही मिनिटं चेहरा दगडासारखा ठेवायचा. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं. उत्तर मिळत नाही म्हटल्यावर तोंड फिरवतं. प्रयोगात हे काही मिनिटांचं असतं. नैराश्यात ते आठवडेच्या आठवडे चालतं, आणि त्यात आईचा दोष नसतो.

बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यातलं आईचं रडू वेगळं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच डोळे भरून येतात, चिडचिड होते. निम्म्याहून जास्त बायकांना हे होतं आणि दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. त्याहून लांबलं तर थांबू नये.

‘नैराश्य’ हा शब्द मात्र इथल्या घरात कुणी वापरत नाही. बाई म्हणते, मन लागत नही, जीव घाबरस, हातपाय गळी जातस. डोकं जड, पाठीत कळ, छातीत धडधड. बाळंतिणीचं नैराश्य ओळखायची एडिंबरा प्रश्नावली १९८७ साली स्कॉटलंडमध्ये तयार झाली, ती नेमकी उलट्या बाजूने विचार करते. ओली बाळंतीण दमलेलीच असणार, म्हणून प्रश्नावलीने अंगदुखी-थकवा मुद्दाम वगळला आणि फक्त मनाचं विचारलं. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. म्हणून बोलणं अंगदुखीपासून सुरू करावं, गुण मात्र मनाच्या उत्तरांना द्यावेत. झोपेचा प्रश्न तर फिरवूनच विचारावा. ‘झोप येते का?’ याला प्रत्येक बाळंतीण ‘नाही’च म्हणेल. ‘पोऱ्या झोपना की तुले झोप लागस का?’ असं विचारलं की बाळ झोपलेलं असतानाही जी टक्क जागी राहते ती वेगळी दिसते.

प्रश्न १०, प्रत्येकाला ० ते ३ गुण, बेरीज जास्तीत जास्त ३०. १३ किंवा त्याहून जास्त आले तर डॉक्टरांकडे पाठवायचं. १० ते १२ आले तर दोन आठवड्यांनी पुन्हा विचारायचं. प्रश्नावली गेल्या सात दिवसांबद्दल आहे आणि पहिला घोळ तिथंच होतो. ‘गेले सात दिवस’ म्हटलं की बाई सगळ्या बाळंतपणाची कहाणी सांगते. त्यापेक्षा ‘मागच्या बाजारापासून’ म्हणावं. आठवडे बाजाराचा वार सगळ्यांच्या डोक्यात पक्का असतो. दुसरा घोळ हो-नाहीचा. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय आहेत, घाईत ते वाचले जात नाहीत. ‘रडू येतं का?’, ‘हो’, पुढचा प्रश्न. अशाने बेरीज भलतीच येते. रोज, एक दिवसाआड, एखाद्या वेळी, कधीच नाही, असं प्रत्येक वेळी बोलून दाखवावं लागतं.

तिसरा घोळ सासूबाईंचा. धाब्याच्या घरात खोली एक आणि कान सहा. सासू शेजारी बसली की सगळी उत्तरं ‘बरं आहे’ अशीच येतात. सासूला बाहेर जायला सांगणं हा मूर्खपणा, त्यानंतर ती पुढच्या भेटीला दार उघडणार नाही. बाळाला झोळीच्या काट्यावर घेण्याचं काम ओट्यावर तिच्याकडे द्यावं. ‘माय, तुना हात लागना की पोऱ्या लगेच उगी राहस’ म्हटलं की ती खुशीने घेते. तेवढी दहा मिनिटं पुरतात.

दहावा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचाराचा. त्याला शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर बेरीज बघत बसायची नाही. विचारल्याने विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. उलट विचारल्यावर बाई मोकळी होते. त्या दिवशी तिला एकटी सोडायची नाही, आणि कपाशीच्या फवारणीच्या बाटल्या घरातून हलवायच्या. खान्देशात त्या बाटलीला ‘औषध’ म्हणतात आणि ती पुष्कळदा कणगीमागे नाहीतर फडताळात असते. कुलपाच्या पेटीत ठेवली, किल्ली दुसऱ्याकडे दिली, तर तिच्यापर्यंत हात पोहोचायला वेळ लागतो. अशा घडीला तेवढ्या वेळातही जीव वाचतो.

हे सगळं करायला नवी योजना लागत नाही. घरी जाऊन नवजात बाळ बघण्यासाठी आशाताईच्या भेटी ठरलेल्याच आहेत: दवाखान्यात बाळंत झाली असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, मग ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्याला. प्रश्नावली ४२ व्या दिवशी आणि तिसऱ्या महिन्यात बसवता येते. मधुमेह-रक्तदाबासारख्या आजारांच्या चाचपणीसाठी आशाताई भरते त्या सीबॅक फॉर्ममध्ये मन उदास असण्याचे दोन प्रश्न आहेत, पण तो फॉर्म तिशीच्या पुढच्यांसाठी. इथली बाळंतीण वीस-बावीसची. ज्या वयात विचारायला हवं त्या वयाला फॉर्मच नाही!

गुण मध्यम आले तर लगेच गोळी लागतेच असं नाही. पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या खेड्यांमध्ये अतीफ रहमान आणि सहकाऱ्यांनी शाळा शिकलेल्या, पण मानसोपचाराचा गंध नसलेल्या गावच्या आरोग्यसेविकांना तयार केलं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळ दहा महिन्यांचं होईपर्यंत १६ घरभेटी. ९०३ आयांवरच्या या प्रयोगात सहा महिन्यांनी भेटी मिळालेल्या गटात २३ टक्के आया नैराश्यात राहिल्या, दुसऱ्या गटात ५३ टक्के (२००८). बाळांना जुलाब कमी झाले, लसी जास्त टोचल्या गेल्या. वजन आणि उंचीत मात्र लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. हे लपवायचं कारण नाही. भाकरीची जागा बोलण्याने भरत नाही, आणि आईचं दुःख बाळाच्या ग्रॅममध्येच मोजायचं असंही काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत २०१५ मध्ये सगळ्यांसाठी खुली केली.

त्या भेटीत होतं काय? एक विचार धरायचा, तो तपासायचा आणि त्याजागी करून बघण्याजोगं काहीतरी ठेवायचं. समजा बाई म्हणते, ‘मला दूधच पुरत नाही, मी करंटी.’ यावर ‘असं नको बोलू’ म्हणणं फुकट. दूध पुरणारं बाळ दिवसरात्रीत सहा किंवा जास्त वेळा लघवी करतं. दुपटं ओलं झालं की डबीत मक्याचा एक दाणा टाकायचा, दुसऱ्या सकाळी मोजायचे. सात दाणे निघाले तर करंटेपणाचा हिशेब तिच्या डोळ्यांदेखत खोटा ठरतो. चारच निघाले तर दुधाची अडचण खरी आहे. मग बाळ स्तनाला नीट लागतंय का, फक्त बोंडी ओढतंय का, ते बघायचं. पुढच्या भेटीपर्यंत एकच काम द्यायचं, वेळ आणि जागा ठरवून: उन्हं उतरली की ओट्यावर बसून दहा मिनिटं बाळाला तेल लावायचं, त्याच्याशी बोलत. पाच कामं सांगणारी ताई पाचही बुडवते. घरच्यांकडूनही एकच गोष्ट मागावी. रात्री एकदा पाजून झालं की पुढच्या पाजण्यापर्यंत बाळ आजीजवळ, म्हणजे आईला सलग तीन-चार तास झोप. सलग झोपेने जे होतं ते लाडूंनी होत नाही.

झारखंड-ओडिशात बायकांच्या गटांनी महिन्याच्या बैठकीत बाळंतपणाचे प्रश्न आपसांत सोडवले, तेव्हा तिसऱ्या वर्षी मध्यम नैराश्य ५७ टक्क्यांनी कमी दिसलं. आपल्याकडे बचत गट गावोगाव आहेत. अडचण एवढीच, की जिचा हप्ता थकला ती बैठकीला येत नाही, आणि जिला यायची गरज असते ती बरेचदा तीच असते. अशा बैठकीत वसुलीची वही आणू नये.

गोळी द्यावी लागली तर आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यावं, दोन्ही कमी असले तरी माणूस असंच मलूल दिसतं. सर्ट्रालिन हे औषध अंगावर पाजताना बहुधा पहिली पसंती असतं, दुधातून बाळाला फार थोडं जातं. पहिल्या आठवड्यात मळमळ होते, गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. नेमक्या या मधल्या दिवसांत ‘गोळीने पोट बिघडलं’ म्हणून ती बंद होते. हे आधीच सांगितलं तर बाई टिकते. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने, आणि बंद करायची ती डॉक्टरांना विचारून.

हजारात एक-दोन बाळंतिणींना वेगळंच होतं, बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांत. झोप उडते तरी थकवा नाही, बोलणं असंबद्ध, बाळ बदललंय असा संशय. घरचे ‘बाहेरचं’ म्हणून भगताकडे नेतात. भगताशी भांडण्यात वेळ घालवू नये. त्याने धागा बांधला तर बांधू द्या, पण त्याच दिवशी १०८ बोलवा आणि बाळ-बाळंतिणीला एकटं ठेवू नका. धुळे, जळगाव, नंदुरबार, तिन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे.

राहिली स्थलांतराची गोष्ट. अक्कलकुवा-धडगावकडची कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत उतरतात, होळीला परततात. ऑक्टोबरात जन्मलेल्या बाळाची तिसऱ्या महिन्याची भेट जानेवारीत येते, तेव्हा आई फडावर असते. अशा बाईला गाडी भरण्याच्या आठवड्यातच विचारून घ्यावं, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर नवऱ्याच्या मोबाइलमध्ये तिच्या भावाच्या नावाने टाकून द्यावा. तो २४ तास फुकट लागतो, परराज्यातूनही. मोठी मुलं आजीजवळ मागे राहिली असतील तर आजीचंही बघावं. साठीत गुडघे धरून दोन नातवंडं ओढणारी बाई कुठल्याच तक्त्यावर नसते. होळीला पाडा भरला की अंगणवाडीत बाळांची वजनं होतात. काट्याच्या रांगेत आया उभ्याच असतात, तेव्हा त्यांनाही तेच दहा प्रश्न विचारता येतात.