दोन्ही ‘ऑनलाइन सर्व्हे’च, पण एक नव्हेत

२५ जुलै २०२४ ला पुण्यात खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं. दुपारी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गूगल फॉर्म फिरू लागला : ‘पूरग्रस्तांना काय हवंय?’ रात्री उत्तरं उघडून बसलो. लाइट कधी येणार, पिण्याचं पाणी, पार्किंगमधली गाडी ओढायला कोणी आहे का. उत्तरं देणारे झाडून सगळे वरच्या मजल्यांवरचे. तळमजल्यावाल्यांना गाद्या आणि कोरडे कपडे हवे होते, पण त्यांचे फोनच चिखलात गेलेले.

तेव्हापासून निर्वासितांच्या गरजांचा ‘ऑनलाइन सर्व्हे’ केला असं कुठे वाचलं की मी आधी बघतो, कुठला? या एकाच नावाखाली दोन प्रकार खपतात.

पहिला आमच्यासारखा. लिंक सोडायची, ज्याला वाटेल तो भरेल. दुसऱ्यात माणूस तंबूच्या दारात उभा राहतो, प्रश्न तोंडी विचारतो आणि उत्तरं टॅबवर टिपतो. त्यासाठी कोबो टूलबॉक्स हे माहिती गोळा करायचं सॉफ्टवेअर फार वापरलं जातं. ते नेटवर्क नसतानाही चालतं, रेंज आली की माहिती वर चढते. म्हणजे ‘ऑनलाइन’ म्हणवला जाणारा हा सर्व्हे भरताना बऱ्याचदा ऑफलाइनच असतो! फॉर्म दोन्हीकडे सारखाच दिसतो. फरक एवढाच, की उत्तर देणारा कोणी निवडला. लिंकमध्ये तो स्वतःच स्वतःला निवडतो, दुसऱ्यात सर्व्हे करणारा त्याला निवडतो.

ही निवड कशी होते ते बघण्यासारखं आहे. समजा छावणीत ८,००० तंबू आहेत आणि ४०० घरं हवीत. मग दर विसावा तंबू, आणि पहिल्या विसातला कुठला घ्यायचा ते चिठ्ठी टाकून. तंबू बंद असला तर शेजारी शिरायचं नाही, संध्याकाळी परत यायचं. नवख्या पोरांना हे फार जिवावर येतं. पण दिवसभर बंद असलेलं घर मजुरीला गेलेल्यांचं असू शकतं, आणि त्यांच्या गरजा घरी सापडणाऱ्यांहून वेगळ्या असतात. असे नीट निवडलेले ४०० साधारण ५ टक्क्यांच्या आगेमागे अंदाज देतात. शितावरून भाताची परीक्षा होते, पण शीत आपण ढवळून काढायचं असतं. पातेल्यातून आपणहून उडालेलं शीत चालत नाही.

लिंकवर ४०,००० उत्तरं आली तरी ही गोष्ट बदलत नाही. १९३६ मध्ये अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने टपालाने सुमारे २४ लाख नमुना मतपत्रिका परत मिळवल्या आणि रूझवेल्टविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार म्हणून सांगितलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं घेऊन गेले. पत्ते बरेचसे फोन आणि मोटारी असणाऱ्यांच्या याद्यांतले होते, आणि परत पाठवायचं की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. शिवाय फॉरवर्ड झालेली लिंक किती जणांनी पाहिली हे कोण सांगणार? भाजकच नाही, तर टक्केवारी कशाची काढणार?

बांगलादेशात कॉक्स बझारला हे फारच उघडं पडतं. २०१७ च्या ऑगस्टपासून ७ लाखांहून जास्त रोहिंग्या तिथे आले. त्यांची भाषा बहुतेकांना लिहिता-वाचता येत नाही, त्यामुळे लिंक कुठल्या भाषेत धाडायची इथपासून तयारी. त्यात सप्टेंबर २०१९ पासून जवळपास वर्षभर छावण्यांतलं वेगवान मोबाइल इंटरनेट सरकारनेच बंद ठेवलं होतं.

मग लिंक कुचकामी? नाही. २०२२ मध्ये युक्रेनमधून बाहेर पडलेली माणसं पोलंडमध्ये, जर्मनीत भाड्याच्या खोल्यांत, नातेवाइकांकडे पांगली. दर विसावा तंबू मोजायला तंबूच नाहीत. हातात स्मार्टफोन मात्र बहुतेकांच्या. तिथे लिंकवरून कुठल्या अडचणी आहेत हे पटकन कळतं, शाळाप्रवेश, कागदपत्रं, औषधं. त्या ‘किती टक्क्यांना’ आहेत हे त्यातून काढू नये, इतकंच.

आणि दारात जाणाऱ्यांनीही फार ताठ मानेने फिरू नये. छावणीत माणशी रोज किमान १५ लिटर पाणी हा रूढ निकष. पाणी पुरतं का, असं विचारलं की घरातला पुरुष पुढे येतो आणि ‘हो’ म्हणतो. हंडा घेऊन रांगेत उभी राहणारी आत असते. म्हणून बाईला बाईने, वेगळं बसवून विचारावं लागतं. संडासाला रात्री एकटीला जाता येतं का, हा प्रश्न तर नवऱ्यासमोर विचारून उपयोगच नाही. लिंक असती तर कदाचित तिने एकांतात भरलीही असती, फोन तिचा स्वतःचा असता तर.