लग्न न करता एकत्र राहताय? अमेरिकेत जॉइंट रिटर्न भरण्याआधी हे वाचा

फेब्रुवारी लागला, हातात डब्ल्यू-२ (कंपनीने दिलेला वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) आले, की ओळखीतल्या मराठी मुलामुलींचे फोन सुरू होतात. "दोन वर्षं एकत्र राहतोय, भाडं निम्मं-निम्मं, बँकेचं खातंही एकच. मग टॅक्स जॉइंट भरला तर चालेल ना?"

नाही चालत. फेडरल (केंद्र सरकारच्या) करासाठी जॉइंट, म्हणजे दोघांचं मिळून एकच रिटर्न, भरण्याचा हक्क फक्त कायद्याने विवाहित असलेल्या जोडप्याला आहे. एकत्र घर, एकत्र खातं, साखरपुडा, लग्नाची ठरलेली तारीख, यातलं काहीही त्याला पुरत नाही.

गैरसमज कुठून येतो ते मला कळतं. भारतात नवरा-बायकोचंही रिटर्न वेगळंच असतं. प्रत्येकाचा पॅन वेगळा, हिशोब वेगळा. त्यामुळे इथे आल्यावर 'जॉइंट' म्हणजे बँकेच्या जॉइंट खात्यासारखं काहीतरी वाटतं, दोघांनी ठरवलं की झालं. त्यातून सॉफ्टवेअरमध्ये नुसतं बटण बदललं की रिफंडचा आकडा डोळ्यांसमोर वाढतो.

किती वाढतो? २०२५ सालचं उदाहरण घेऊ. एकाचा पगार ९०,००० डॉलर, दुसऱ्याला उत्पन्न नाही. सिंगल म्हणून १५,७५० डॉलरची स्टँडर्ड वजावट मिळते आणि कर साधारण ११,२५० डॉलर होतो. जॉइंटमध्ये वजावट ३१,५०० डॉलर आणि कर साधारण ६,५४० डॉलर. म्हणजे ४,७०० डॉलरचा फरक. मोह या आकड्याचाच आहे.

विवाहित कोण, हे ३१ डिसेंबर ठरवतो

वर्षाच्या शेवटच्या दिवशी तुम्ही कायद्याने विवाहित असाल, तर ते अख्खं वर्ष विवाहित धरलं जातं. १२ जानेवारीला पुण्यात लग्न झालं असेल, तर मागच्या वर्षासाठी तुम्ही अविवाहितच. मग एप्रिलमध्ये रिटर्न भरताना बोटात अंगठी असली तरी फरक पडत नाही.

भारतात झालेलं लग्न इथे चालतं, पण ते तिथल्या कायद्याने वैध हवं. आपल्याकडचे बरेच जण इथेच चुकतात. हिंदू विवाह कायद्याखाली विधींनी झालेलं लग्न नोंदणी राहिली म्हणून अवैध ठरत नाही. २८ डिसेंबरला सप्तपदी झाली आणि दाखला फेब्रुवारीत हातात आला, तरी तुम्ही त्याच वर्षी विवाहित.

उलटी चूकही तितकीच होते. एच-४ व्हिसाच्या (एच-१बी वर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराचा व्हिसा) घाईसाठी बरीच जोडपी आधी विशेष विवाह कायद्याखाली रजिस्टर लग्न करतात आणि मांडवातलं लग्न सहा महिन्यांनी ठेवतात. घरचे म्हणतात, "खरं लग्न मे महिन्यात." इन्कम टॅक्सच्या लेखी खरं लग्न रजिस्ट्रारसमोर सह्या झाल्या तेव्हाच झालेलं असतं. अशा जोडप्याने 'सिंगल' भरणं चूक आहे. त्यांनी जॉइंट किंवा विवाहित-स्वतंत्र (विवाहित, पण प्रत्येकाचं रिटर्न वेगळं), यातलंच एक निवडायचं.

टेक्सस, कोलोरॅडो, आयोवा, कॅन्सस, मोंटाना अशा मोजक्या राज्यांत विधी किंवा परवान्याशिवायचं 'कॉमन लॉ' लग्न मान्य आहे. पण तेही नुसतं एकत्र राहून होत नाही. आपण नवरा-बायको आहोत असं दोघांनी ठरवलेलं आणि चारचौघांत तसं वागलेलं असावं लागतं. ते एकदा झालं, की दुसऱ्या राज्यात गेलात तरी टिकतं आणि मोडायला रीतसर घटस्फोट लागतो. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात असं लग्न होतच नाही.

कॅलिफोर्नियातले नोंदणीकृत 'डोमेस्टिक पार्टनर' (लग्नाविना राज्याकडे जोडीदार म्हणून नोंदलेले) राज्याचं रिटर्न विवाहितांसारखं भरतात, पण फेडरल रिटर्न मात्र प्रत्येकाचं वेगळं. त्यात सामाईक उत्पन्न निम्मं-निम्मं वाटून फॉर्म ८९५८ जोडायचा. गोव्याच्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. पोर्तुगीज नागरी कायद्यामुळे तिथल्या पती-पत्नींचं घरभाडं, व्याज असं उत्पन्न असंच अर्धं-अर्धं दोघांच्या रिटर्नमध्ये जातं. पगार मात्र गोव्यात वाटला जात नाही, कॅलिफोर्नियात तोही वाटावा लागतो.

सही करता तेव्हा काय कबूल करता

फॉर्म १०४० च्या (मुख्य रिटर्नच्या) तळाशी सहीच्या वर बारीक अक्षरांत एक वाक्य आहे: दिलेली माहिती खरी आहे, खोटी असल्यास शिक्षेला पात्र आहे. ऑनलाइन भरताना दोघांचा पाच-पाच आकडी पिन टाकला, की ती सहीच झाली. "त्यानेच भरलं, मी फक्त पिन सांगितला" हे उत्तर म्हणून टिकत नाही.

चूक पकडली गेली तर बुडालेला कर आणि व्याज तर भरावं लागतंच, वर २० टक्के दंड बसू शकतो. जाणूनबुजून केल्याचं सिद्ध झालं तर दंड ७५ टक्क्यांपर्यंत जातो. वरच्या उदाहरणात ते सुमारे ३,५०० डॉलर होतात. एरवी कर खात्याला तपासणीसाठी साधारण तीन वर्षांची मुदत असते, फसवणुकीला मुदतच नाही. मुद्दाम खोटं रिटर्न सही करणं हा फौजदारी गुन्हाही आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेचा.

मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. जॉइंट रिटर्नवर संपूर्ण कराची जबाबदारी दोघांवर, प्रत्येकावर पूर्ण असते. जोडीदाराने फ्रीलान्सचं उत्पन्न लपवलं असेल तर नोटीस तुमच्याही नावाने येते. त्याचं सरकारी शैक्षणिक कर्ज किंवा आधीच्या लग्नातल्या मुलाची पोटगी थकली असेल तर सगळा रिफंड तिकडे वळू शकतो, तुमचा वाटाही त्यात जातो. विवाहितांना यातून सुटायला फॉर्म ८८५७ (जोडीदाराच्या चुकीमुळे आलेल्या करातून सुटका मागायला) आणि ८३७९ (रिफंडमधला आपला वाटा परत मागायला) आहेत. तुम्ही मात्र कोंडीत सापडता. सुटायचं तर "आमचं लग्नच झालेलं नव्हतं" हे सांगावं लागेल, म्हणजे स्वतःच्या सहीचं निवेदन खोटं होतं हे स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं. नातं तुटल्यावर ही वेळ आली, तर पलीकडून मदत मिळेलच असं नाही.

आणि ग्रीन कार्ड. तिथे लग्नाची तारीख लिहावी लागते आणि टॅक्सची जुनी कागदपत्रंही पुढे येऊ शकतात. २०२६ चं लग्न आणि २०२४ चं जॉइंट रिटर्न एका फाइलमध्ये आले, तर खुलासा तुम्हालाच करावा लागेल.

मग रीतसर काय मिळतं?

दोघांनी आपापलं 'सिंगल' भरायचं. जोडीदार वर्षभर तुमच्याच घरी राहिला, त्याचं उत्पन्न २०२५ साठी ५,२०० डॉलरपेक्षा कमी आहे आणि निम्म्याहून जास्त खर्च तुम्ही केला, तर त्याला अवलंबित दाखवून ५०० डॉलरचं क्रेडिट (करातून थेट वजा होणारी रक्कम) मिळू शकतं. पण तो करदृष्ट्या रहिवासी हवा. एफ-१ वरचा विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षं सहसा अनिवासी असतो, त्याला दाखवता येत नाही. 'हेड ऑफ हाउसहोल्ड' (कुटुंबप्रमुखाचा, कमी कराचा दर्जा) नुसत्या जोडीदारामुळे मिळत नाही. मूल असेल आणि घरखर्चाचा निम्म्याहून जास्त भार एकाने उचलला असेल, तर त्या एकाला मिळतं. मूल एकाच्याच रिटर्नवर दाखवायचं.

घराच्या कर्जात तर अविवाहितांचा फायदा आहे. व्याजाच्या वजावटीसाठी ७,५०,००० डॉलर कर्जाची मर्यादा विवाहितांना दोघांत मिळून, तर अविवाहित सहमालकांना प्रत्येकी आहे. फॉर्म १०९८ (घरकर्जावर भरलेल्या व्याजाचा दाखला) एकाच्याच नावाने आला, तर दुसऱ्याने भरलेल्या व्याजाचा तपशील आपल्या रिटर्नला जोडायचा. ऑफिसच्या आरोग्य विम्यात जोडीदाराला घेतलं असेल, तर कंपनी भरते तो वाटा बहुतेक वेळा तुमच्या डब्ल्यू-२ मध्ये उत्पन्न म्हणून धरलेला असतो. तो आकडा पाहून घाबरू नका.

कागद काय लागतात

डब्ल्यू-२, व्याजाचे १०९९, घर असेल तर १०९८, सोशल सिक्युरिटी नंबर, मुलाचा जन्मदाखला. भाडं, किराणा, विजेची बिलं कोणी भरली याच्या पावत्या जपून ठेवा, अवलंबित दाखवताना त्याच उपयोगी पडतात.

लग्न झालेलं असेल तर दाखला रिटर्नला जोडावा लागत नाही, पण फाइलमध्ये हवा. रिटर्नवरचं नाव सोशल सिक्युरिटी कार्डावर आहे तेच लिहा. लग्नानंतर आडनाव बदलून कार्ड माहेरच्याच नावाचं राहिलं, तर रिटर्न अडकतं. जोडीदार भारतात असेल आणि नंबर नसेल, तर डब्ल्यू-७ अर्ज भरून आयटीआयएन (सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांसाठीचा करदाता क्रमांक) घ्यायचा. जॉइंट भरायचं तर जोडीदाराला करासाठी रहिवासी धरावं असं दोघांच्या सहीचं निवेदनही जोडावं लागतं. त्यानंतर त्याच्या भारतातल्या एफडीचं व्याजही इथे दाखवावं लागतं. तुमच्या स्वतःच्या सगळ्या परदेशी खात्यांची मिळून रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल, तर एफबारही (परदेशी खात्यांची माहिती देणारा अहवाल) भरायचा.

आधीच चुकीचं भरलं असेल तर

कर खात्याचं पत्र यायची वाट पाहू नका. जॉइंट रिटर्न १०४०-एक्सने (दुरुस्तीच्या फॉर्मने) दुरुस्त करा, दोघांचाही हिशोब सिंगल म्हणून स्वतंत्र द्या आणि निघणारा कर लगेच भरा, कारण व्याज रोज चढतं. चूक अजाणता झाली असेल तर एखादा चांगला सीपीए (अमेरिकेतला परवानाधारक लेखापाल) पुरेसा आहे. जाणूनबुजून केलं असेल तर कोणाशीही बोलण्याआधी कर-वकील गाठा. पैसे घेऊन रिटर्न भरून देणारा त्यावर स्वतःची सही आणि पीटीआयएन (रिटर्न भरून देणाऱ्याचा सरकारी क्रमांक) टाकायला तयार नसेल, तर कागद उचला आणि दुसऱ्याकडे जा.