साठीनंतरचं ताट आणि दोन किल्ल्यांचं लॉकर

कार्तिकी एकादशीच्या सुमारास एक मेसेज हमखास फिरतो. उपवास केल्यावर शरीर स्वतःच्या खराब पेशी खाऊन टाकतं, हे सिद्ध करणाऱ्या जपानी शास्त्रज्ञाला नोबेल मिळालं आणि आपल्या पूर्वजांना हे आधीच ठाऊक होतं, असा त्याचा सूर. शास्त्रज्ञ खरा आहे, नोबेलही खरं आहे. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं ते ऑटोफॅजीवरच्या कामाबद्दल. पेशी आपलेच जुने, मोडके भाग मोडून पुन्हा वापरते, त्या यंत्रणेला ऑटोफॅजी म्हणतात. पण त्यांचे ते गाजलेले प्रयोग यीस्टवर झाले, ज्यानं पाव फुगतो त्या एकपेशीय बुरशीवर. सत्तरीतल्या माणसानं रात्रीचं जेवण सोडावं, असं त्यांतून कुठंही निघत नाही. एकादशी ज्यांना करायची त्यांनी श्रद्धेनं करावी. श्रद्धेला नोबेलचा टेकू लागत नाही.

मला काळजी वाटते ती वेगळ्या कारणानं. हा मेसेज आपल्याकडच्या एका जुन्या सवयीला बळ देतो. बेळगावच्या शहापूर-वडगावात ऐका नाहीतर खानापूर-निपाणीकडं, साठी ओलांडलेल्या माणसाबद्दल घरोघरी एकच बोलणं असतं: ‘वय झालंय न्हवं आता, रातच्याला हलकंच बरं.’ मग सकाळी चहा-खारी, दुपारी भात आणि आमटीचं वरचं पाणी, चारला पुन्हा चहा-बटर, रात्री तांदळाची पेज आणि लोणच्याची फोड. तेल-साखर कमी झाली तर उत्तमच. पण अशा हलक्या जेवणातून सगळ्यात आधी हद्दपार होतात ती प्रथिनं. डाळ वातूळ म्हणून जाते, शेंगदाणे दात नाहीत म्हणून जातात, अंडी वार आणि नेम म्हणून जातात. आणि उतारवयात प्रथिनं कमी लागतात हा समज तर सपशेल चुकीचा आहे. ती जास्त लागतात.

तिशीच्या आसपास आपले स्नायू भरात असतात. त्यानंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू घटतात आणि साठीनंतर ही घट वेग घेते. ताकद त्याहूनही लवकर जाते. वैद्यकात याला सार्कोपेनिया म्हणतात. वजनकाट्यावर ही घट दिसेलच असं नाही, कारण स्नायूची जागा चरबी घेत जाते. दिसते ती उठता-बसताना. पंगतीला पाटावर बसलेल्या आजी उठताना आधी डावा तळहात जमिनीला टेकतात, मग उजवा हात गुडघ्यावर ठेवतात, क्षणभर थांबतात आणि शेजारणीचा दंड धरून उभ्या राहतात. आपण म्हणतो, गुडघे गेले. पुष्कळदा गुडघ्यांइतक्याच मांड्याही गेलेल्या असतात. घरच्या घरी बघायची सोपी रीत आहे: हातांची छातीशी घडी घालून खुर्चीवरून लागोपाठ पाच वेळा उठा-बसा. आशियातल्या तज्ज्ञांच्या गटानं २०१९ साली ठरवलेल्या निकषांनुसार याला १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर डॉक्टरांकडून पुढची तपासणी करून घ्यावी.

आता स्नायूच्या आत काय चालतं ते बघू. १९३० च्या दशकापर्यंत शास्त्रज्ञांचाही साधारण असा समज होता की शरीर एकदा घडलं की घडलं, रोजचं अन्न फक्त इंधन म्हणून जळतं. हिटलरच्या जर्मनीतून अमेरिकेला गेलेल्या रुडॉल्फ शोनहायमर यांनी कोलंबिया विद्यापीठात हा समज मोडीत काढला. नायट्रोजनच्या अणूचा एक जरासा जड प्रकार असतो, नायट्रोजन-१५. प्रथिनं ज्या विटांची बनतात त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. हा जड नायट्रोजन घातलेलं ल्युसिन हे अमिनो आम्ल त्यांनी पूर्ण वाढलेल्या उंदरांना चारलं. जुन्या समजानुसार तो सगळा नायट्रोजन लघवीवाटे बाहेर पडायला हवा होता. प्रत्यक्षात तीन दिवसांनी त्यातला निम्म्याहून अधिक उंदरांच्या शरीरातल्या प्रथिनांत जाऊन बसलेला सापडला. उंदरांचं वजन तेवढंच होतं, पण आतली प्रथिनं सतत मोडून नव्यानं बनत होती. माणसाच्या शरीरातही रोज अंदाजे २५० ते ३०० ग्रॅम प्रथिनं मोडतात आणि जवळपास तितकीच नवी बनतात. वाढत्या वयात मोडण्याचं काम चालू राहतं आणि जेवणानंतर बनण्याचं काम मंदावतं. रोजची तूट अगदी बारीक, पण वीस वर्षांत ती मांडीत दिसते.

बनण्याचं काम सुरू कधी करायचं, हे पेशी कशी ठरवते? या प्रश्नाचं उत्तर मला जीवशास्त्रातल्या सगळ्यात सुंदर गोष्टींपैकी एक वाटतं.

ही गोष्ट प्रशांत महासागरातल्या रापा नुई बेटावरच्या मातीपासून सुरू होते. १९६४ साली तिथं गेलेल्या कॅनडाच्या मोहिमेनं मातीचे नमुने आणले. त्या मातीतल्या जिवाणूतून माँट्रियलच्या प्रयोगशाळेत सुरेंद्रनाथ सेहगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक रसायन वेगळं केलं. सेहगल हे बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले. बेटाच्या नावावरून त्या रसायनाचं नाव पडलं रापामायसिन. ते पेशींची वाढ थांबवतं. ते नेमकं कशाला जाऊन चिकटतं याचा शोध घेताना १९९० च्या दशकात एक प्रथिन हाती लागलं, एमटॉर. पेशीत वाढीचा हुकूम सोडणारं ते मुख्य प्रथिन.

एमटॉरचं काम बँकेच्या लॉकरसारखं चालतं. लॉकर उघडायला एक किल्ली बँकेची लागते, एक आपली. एकटीनं काही होत नाही. एमटॉरची पहिली किल्ली ल्युसिन. पेशीत ल्युसिन कमी असतं तेव्हा सेस्ट्रिन नावाचं प्रथिन गेटर-२ या दुसऱ्या प्रथिनगटाला धरून बसलेलं असतं. ल्युसिन आलं की ते सेस्ट्रिनमधल्या एका खाचेत नेमकं बसतं आणि सेस्ट्रिनची पकड सुटते. मोकळा झालेला गेटर-२ मग गेटर-१ ला आवरतो. गेटर-१ चं काम रॅग प्रथिनांना निष्क्रिय ठेवण्याचं. तोच आवरला गेल्यानं रॅग जागी होतात आणि एमटॉरला ओढून लायसोसोम या पेशीतल्या छोट्या पिशवीच्या पृष्ठभागावर आणतात. सेस्ट्रिनची ही ल्युसिन ओळखण्याची करामत २०१६ साली उलगडली.

एमटॉर जागेवर आला, पण अजून चालू झालेला नाही. त्या पृष्ठभागावर रेब नावाचं प्रथिन असतं आणि ती दुसरी किल्ली. रेबवर टीएससी-२ चा पहारा असतो. जेवणानंतर वाढलेलं इन्सुलिन हा पहारा उठवतं, आणि स्नायूवर पडलेला ताण, म्हणजे उठाबशा किंवा ओझं उचलणं, यानंही तो उठतो. दोन्ही किल्ल्या लागल्या की एमटॉर एस-६-के-१ ला चालना देतो, ४-ई-बीपी-१ चा अडथळा दूर करतो आणि रायबोसोमवर नवी प्रथिनं बनायला लागतात.

एवढी नावं लक्षात राहिली नाहीत तरी चालेल, दोन किल्ल्या लक्षात ठेवा. कारण रात्रीच्या पेजेचं काय चुकतं ते यातूनच कळतं. पेजेनं रक्तातली साखर वाढते, इन्सुलिन वाढतं, म्हणजे दुसरी किल्ली मिळते. पण वाटीभर पातळ पेजेत ल्युसिन नगण्य, म्हणून लॉकर बंदच. उपवासाचा साबुदाणा तसाच, त्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. उचगाव-हिंडलग्याकडची रताळी चवीला कितीही गोड असली तरी त्या बाबतीत फारशी मदत करत नाहीत. साबुदाण्याच्या खिचडीत जो काही जीव आहे तो शेंगदाण्याच्या कुटामुळं.

वय वाढलं की पहिली किल्ली फिरायला जास्त जोर लागतो. आतडं आणि यकृत ल्युसिनचा मोठा वाटा आधीच ठेवून घेतात, स्नायूकडचा रक्तप्रवाह कमी झालेला असतो, बसून राहिल्यानं स्नायू सुस्तावलेला असतो. तरुणाला एका जेवणात वजनाच्या दर किलोमागं सुमारे ०.२४ ग्रॅम प्रथिनांत जो प्रतिसाद मिळतो, त्यासाठी सत्तरीतल्या माणसाला सुमारे ०.४ ग्रॅम लागतात, असं २०१५ सालच्या एका अभ्यासात दिसलं. म्हणजे ६० किलोच्या माणसाला एका जेवणात २४ ग्रॅम, आणि त्यात ल्युसिन अडीच-तीन ग्रॅम. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची प्रौढांसाठीची शिफारस दिवसाला किलोमागं ०.८३ ग्रॅमची आहे. वृद्धांच्या आहारावर काम करणारे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगट साठी-पासष्टीनंतर १ ते १.२ ग्रॅम सांगतात.

एक शंका इथं रास्त आहे. रापामायसिन देऊन एमटॉर दाबलेले उंदीर जास्त जगले, असं २००९ साली दिसलं होतं. मग एमटॉर चालू करायचा की बंद ठेवायचा? माझं मत असं की दिवसातून दोन-तीनदा नीट चालू व्हावा आणि मधल्या वेळेत व रात्री बंद राहावा. एमटॉर चालू असताना ऑटोफॅजी दबलेली असते, तो थंडावला की ती सुरू होते. रात्री आठला जेवून सकाळी आठला न्याहारी केली, तर मधल्या बारा तासांत ऑटोफॅजीलाही वेळ मिळतो. दिवसभर चहा-बिस्किटं चघळत राहिल्यानं मात्र दोन्ही बिघडतात: इन्सुलिन सतत थोडं वाढलेलं, आणि ल्युसिन कधीच पुरेसं नाही.

आता आपलं ताट. ज्वारीच्या पिठात १०० ग्रॅममागं १० ग्रॅम प्रथिनं असतात आणि त्यांत ल्युसिन भरपूर, सुमारे १२ टक्के. इतकं की दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या गरीब वस्त्यांमध्ये दिसणाऱ्या पेलाग्रा या रोगाचं कारण हे जादा ल्युसिनच असावं, असं हैदराबादच्या सी. गोपालन यांनी १९६० साली मांडलं होतं. त्यावर पुढं बराच वाद झाला. ज्वारीत कमी पडतं ते लायसिन हे दुसरं अमिनो आम्ल, आणि लायसिन नसेल तर लॉकर उघडूनही आत ठेवायला काही नाही. ती उणीव डाळ भरून काढते. हिशोब करू: दोन भाकरी, म्हणजे १२० ग्रॅम पीठ, १२ ग्रॅम प्रथिनं. ४० ग्रॅम मसुराची घट्ट आमटी, जवळजवळ १० ग्रॅम. एक मोठी वाटी दही, ६ ग्रॅम. बेरीज २८ ग्रॅम, ल्युसिन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. वनस्पतींची प्रथिनं पूर्ण पचत नाहीत, म्हणून वर एक अंडं किंवा मूठभर शेंगदाणे असावेत. दोन भाकरी जात नसतील तर एक खावी आणि आमटी-दही वाढवावं, पेजेवर येऊ नये. दात नसतील तर भाकरी आमटीत कुस्करावी. हजारो रुपयांचा प्रोटीन पावडरचा डबा यासाठी लागत नाही. शेवग्याच्या पाल्याच्या गोळ्याही नकोत: ताज्या पाल्यात १०० ग्रॅममागं सहा-साडेसहा ग्रॅमच प्रथिनं असतात, आणि भाजीला आपण घेतो मूठभर.

मसूर म्हणजे आपल्या शिवारातलं धान्य. वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या काळ्या रानात भात कापून झालं की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा टाकतात. पुढं दवावर पीक येतं. फुलोऱ्याच्या आधी एक झाड हळूच उपटून बघा. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी दिसतील. एखादी नखानं चिरली तर आत मांसासारखा गुलाबी रंग असतो. तो लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातल्या प्रथिनाचा. हवेतला नायट्रोजन पकडणारं जिवाणूंचं एंझाइम मोकळ्या ऑक्सिजननं निकामी होतं, म्हणून हे गुलाबी प्रथिन ऑक्सिजनला धरून ठेवतं. गाठ आतून हिरवट-करडी असेल तर तिचं काम थांबलं. शोनहायमर यांनी ज्याचा माग काढला तो नायट्रोजन अन्नात शिरतो तो असाही, युरियाच्या पोत्याशिवाय. ज्यांच्याकडं रान नाही त्यांनी परड्यात पावट्याचा वेल चढवावा, जागा असेल तर चार कोंबड्या पाळाव्यात.

मसूर उष्ण पडतो, डाळीनं वात होतो, हे ऐकायला मिळतंच. उष्णतेच्या म्हणण्याला आधार नाही. गॅसच्या तक्रारीत मात्र तथ्य आहे: कडधान्यांतल्या रॅफिनोज गटातल्या शर्करा आपल्याला पचत नाहीत, त्या मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात. अख्खा मसूर रात्रभर भिजवून पाणी टाकून दिलं, मोड आणले, तर त्या बऱ्याच कमी होतात. सुरुवात अर्ध्या वाटीनं करावी.

दुसरी किल्ली इन्सुलिननं मिळते तशी स्नायूवरच्या ताणानंही, पण या ताणाकडं घरोघरी दुर्लक्ष होतं. ‘तुम्ही बसा, आम्ही करतो’ म्हणत आपण वडीलधाऱ्यांना खुर्चीत बसवतो. सरासरी ६७ वर्षांच्या धडधाकट माणसांना फक्त दहा दिवस अंथरुणात झोपवून ठेवलं, तर पायांतला चरबी सोडून उरलेला, म्हणजे मुख्यतः स्नायूंचा, जवळजवळ एक किलो ऐवज गेला, असं २००७ सालच्या एका प्रयोगात दिसलं. उलट बाजूचा प्रयोग १९९० सालचा, बॉस्टनचा. वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना मारिया फियाटारोन यांनी आठ आठवडे मांड्यांसाठी वजनं उचलायला लावली. ज्यांनी ते पूर्ण केलं त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. खुरपणं, वाफ्याला बादलीनं पाणी घालणं, खुर्चीवरून हात न टेकता दहा-दहा वेळा उठणं, यांनी सुरुवात होते. नुसतं संध्याकाळी फिरणं हृदयाला चांगलं, पण मांडीतल्या लॉकरला ते पुरत नाही.

मूत्रपिंडाचा आजार असेल, क्रिएटिनिन वाढलेलं असेल, तर हा सगळा हिशोब बदलतो आणि प्रथिनं किती घ्यायची ते डॉक्टरांनीच ठरवावं. त्यातही डायलिसिस सुरू झालेल्यांना बंधन घातलं जातं असं समजून घरचे डाळ बंदच करून टाकतात. डायलिसिसमध्ये अमिनो आम्लं बाहेर निघून जातात, त्यामुळं त्या रुग्णांना आधीपेक्षा जास्त प्रथिनं लागतात. हे त्यांच्या डॉक्टरांना पुढच्याच भेटीत विचारून घ्या.