सस्पेन्शनचा दिवा जात नाही: फुगा गळतोय की सेन्सर चुकतोय?

"गाडी त सरळ उभी हाय भाऊ, मंग लाइट कायले?" गेल्या पावसाळ्यात पांढरकवड्याकडच्या एका कास्तकाराने गाडीतून उतरता उतरता मला विचारलं. नागपुरातून जुनी घेतलेली एअर सस्पेन्शनची मोठी गाडी. आधीच्या गॅरेजात कॉम्प्रेसर बदलायला सांगितला होता. खर्च ऐकून तो थांबला, ते बरंच झालं.

साध्या स्प्रिंगच्या गाड्यांत डॅशबोर्डवरचा हा सस्पेन्शनचा दिवा सहसा नसतोच. एअर सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगच्या जागी रबरी फुगा असतो, कॉम्प्रेसर त्यात हवा भरतो आणि चाकांजवळचे हाइट सेन्सर गाडी किती उंच उभी आहे ते कंट्रोल युनिटला, म्हणजे सस्पेन्शन सांभाळणाऱ्या संगणकाला, कळवतात. फुगा गळला तरी दिवा तोच, सेन्सर चुकला तरी तोच. घोळ होतो तो इथे.

गळणारी गाडी रात्रीतून बसते. संध्याकाळी ती सपाट जागी उभी करा आणि चारही चाकांच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजून कागदावर लिहून ठेवा. सकाळी दार उघडण्याआधीच पुन्हा मोजा, कारण बऱ्याच गाड्यांत दार उघडलं की सिस्टिम जागी होते. एक कोपरा दोन बोटं उतरला असेल तर तिथे हवा जातेय. चारही कोपरे सारखे उतरले तरी फुग्यांना सोडून देऊ नका. काही गाड्या बंद असतानाही स्वतःला समतल करत राहतात आणि एका गळक्या कोपऱ्यापायी बाकीचे तीनही खाली घेतात.

मग साबणाचं पाणी. फुग्याचं रबर खाली जिथे दुमडतं, तिथे भेगा आधी पडतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, पारा 45 च्या आसपास असताना, रबर लवकर सुकतं. पाइपच्या जोडावरही पाणी मारा. बुडबुडे दिसले की शोध संपला. अशा गाडीचा दिवा सुरुवातीला सकाळीच लागतो आणि कॉम्प्रेसर काही वेळ घरघरला की जातो. गळती वाढली की तो जायचं नाव घेत नाही. फुगा तसाच ठेवून नवा कॉम्प्रेसर बसवला तर तोही पळून पळून जळणार.

सेन्सरची तऱ्हा वेगळी. सकाळचं माप संध्याकाळइतकंच भरतं. दिवा चावी फिरवताच लागतो, किंवा एखाद्या मोठ्या खड्ड्यानंतर लागतो तो लागतोच. एखादा कोपरा वर-खाली असेलही, पण रात्रभर जिथल्या तिथे राहतो. सेन्सरचं माप पटलं नाही की कंट्रोल युनिट बऱ्याचदा हवा भरणं-सोडणंच थांबवतं. कॉम्प्रेसर गप्प बसतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, तोच मेला.

त्या कास्तकाराच्या गाडीत नेमकं हेच झालं होतं. माप जसंच्या तसं. मागच्या डाव्या चाकाजवळ टॉर्च मारला तर सेन्सरची बोटभर लांब प्लॅस्टिकची दांडी एका टोकाला गोळीच्या सांध्यावरून निसटून लोंबत होती. भोवती काळी माती विटेसारखी वाळलेली, आणि तिच्यात रुतलेली पऱ्हाटीची काडी. वावराच्या पांदणीतून रोज ये-जा, त्यात ही माती एकदा चिकटली की सुटत नाही. माती पाण्याने भिजवून काढली, नवी दांडी लावली, कंट्रोल युनिटने नोंदवलेला बिघाडाचा कोड पुसला. दिवा गेला. कॉम्प्रेसरला हातही लावला नाही.

दांडी जागेवर असेल तर कनेक्टर उघडून पाहा; हिरवट गंज चढलेला असतो. स्वस्तातल्या स्कॅनरवर भरवसा ठेवू नका, त्यातले बरेचसे फक्त इंजिनाचेच कोड वाचतात. सस्पेन्शनचे कोड सहसा 'सी' अक्षराने सुरू होतात आणि ते वाचणारं मशीन लागतं. सेन्सर बदलला तर बहुतेक गाड्यांत त्याच मशीनवर उंचीचं कॅलिब्रेशनही, म्हणजे योग्य उंची नव्याने नोंदवणं, करून घ्यावं लागतं.

गाडी टायरला टेकेल इतकी बसली असेल तर चालवू नका, टायर आतून घासून फाटतो. आणि माप उभ्यानेच घ्या. ही गाडी हवा सोडून अचानक खाली येऊ शकते, म्हणून गाडीतला जॅक मोड (आपोआप वर-खाली होणं थांबवणारी सेटिंग) लावल्याशिवाय आणि पक्के स्टँड दिल्याशिवाय कुणालाही खाली सरकू देऊ नका, "एकच मिनिट पाहतो" म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही.