एक ग्रॅम, एक अंश आणि अणूंची गणती

‘धातू लवकर तापतो, म्हणजे तो उष्णता अधिक शोषतो’ हा समज सर्रास आढळतो, पण वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. १ ग्रॅम पदार्थाचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवण्यास लागणारी उष्णता म्हणजे त्याची विशिष्ट उष्माधारकता. ती पाण्यासाठी ४.१८ ज्यूल, तर तांब्यासाठी सुमारे ०.३८५ ज्यूल आहे. तांबे लवकर तापते ते त्याला थोडक्या उष्णतेत भागते म्हणून.

ही राशी मोजण्याची रीत सरळ आहे. एका अनोळखी धातूचा १०० ग्रॅमचा तुकडा १०० अंशांपर्यंत तापवून कॅलरीमापीतील (उष्णता बाहेर जाऊ न देणाऱ्या भांड्यातील) २५ अंशांच्या १५० ग्रॅम पाण्यात सोडला आणि मिश्रण २९.३ अंशांवर स्थिरावले, असे समजू. पाण्याने घेतलेली उष्णता १५० × ४.१८ × ४.३, म्हणजे सुमारे २६९६ ज्यूल. तेवढीच उष्णता धातूने ७०.७ अंशांनी थंड होताना दिली, म्हणून उत्तर २६९६ ÷ (१०० × ७०.७), म्हणजे ०.३८१. पाण्याचे तापमान जेमतेम ४.३ अंशांनी वाढत असल्याने तेथे ०.२ अंशाची चूक झाली, तरी उत्तर सुमारे पाच टक्क्यांनी ढळते. याच सूत्रानुसार १ किलो पाणी ४० अंशांनी तापवायला १,६७,२०० ज्यूल लागतात. त्याहून कमी विजेत ते तापवणाऱ्या ‘चमत्कारी’ कॉइलच्या जाहिरातींवर म्हणूनच मुळीच विश्वास ठेवू नये.

मला खरे अप्रूप वाटते ते या आकड्यांमागच्या अणूंचे. १८१९ मध्ये द्यूलाँ आणि पेती या फ्रेंच शास्त्रज्ञांनी विशिष्ट उष्माधारकतेला अणुभाराने गुणले, तेव्हा बहुतेक घन मूलद्रव्यांसाठी जवळपास एकच संख्या मिळाली. आजच्या एककांत ती सुमारे २५ आहे. ॲल्युमिनियमसाठी ०.८९७ × २७ म्हणजे २४.२, लोखंडासाठी ०.४४९ × ५५.८ म्हणजे २५.१, शिशासाठी ०.१२९ × २०७ म्हणजे २६.७. घन पदार्थातील प्रत्येक अणू आपल्या जागी तीन दिशांनी कंप पावतो आणि तो हलका असो वा जड, दर अंशामागे जवळपास सारखीच ऊर्जा घेतो. शिशाचा अणू जड, म्हणून १ ग्रॅममध्ये अणू कमी आणि उष्णतेची मागणीही कमी. आपल्या तुकड्यासाठी २५ ÷ ०.३८१ केल्यास अणुभार ६५.६ येतो; तो तांब्याच्या (६३.५) जवळचा आहे, पण जस्ताच्या (६५.४) अधिकच जवळचा आहे, त्यामुळे निर्णयासाठी घनता मोजावी लागते.

हिरा मात्र हा नियम पाळत नाही: ०.५१ × १२ म्हणजे फक्त ६.१. त्यातील कार्बनचे बंध इतके ताठ आहेत की अणूंच्या कंपनांची वारंवारता फार मोठी असते, आणि अशा कंपनाला ऊर्जा ठरावीक आकाराच्या मोठ्या पुंजांतच घेता येते. सामान्य तापमानाला एवढे पुंज बहुतेक कंपनांच्या वाट्याला येतच नाहीत. हे स्पष्टीकरण आइन्स्टाइन यांनी १९०७ मध्ये मांडले. हिरा पुरेसा तापवला, की त्याचाही गुणाकार २५ कडे सरकू लागतो.